नारळ, शून्य रुपये

आमच्या कंपनीच्या मते भारत देश तीन प्रकारच्या ठिकाणांचा बनलेला आहे: 'अ' शहरं, 'ब' शहरं आणि 'इतर'. 'अ' शहरात राहणाऱ्या माणसाला भूक जास्त लागते, म्हणून त्याला शहर-भत्ता जास्त. 'ब' शहरातल्याला जरा कमी लागते. 'इतर'मध्ये राहणारा माणूस बहुधा हवेवर जगतो, त्यामुळे त्याला भत्ता नाही. हा तक्ता मला पाठ आहे, कारण गेली काही वर्षं तो मीच भरते. पुण्याच्या कार्यालयात मी एचआर विभागात लागले तेव्हा मला दिलेलं हे पहिलं स्वतंत्र काम. एवढ्या मोठ्या देशात कुठे किती महागाई आहे हे ठरवायला कंपनीने रेवदंड्याच्या शाळेत शिकलेल्या मुलीवर विश्वास टाकला, याबद्दल मी आजही कंपनीची आभारी आहे.

ते काम मी फार मन लावून केलं. प्रत्येक शहरातल्या आमच्या माणसांना फोन करायचा, घरभाडं, दूध, भाजी, पोळ्यांची बाई, केस कापणं असे दर विचारायचे आणि रकान्यात भरायचे. महिनाभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बिस्किटाचा पुडा सगळीकडे एकाच किमतीला मिळतो, पण केस कापायला बंगळुरूत लागतात तेवढ्या पैशांत नागपुरात घरातले सगळे पुरुष केस कापून येतात. कात्री तीच, केस तेच. मग मला उमगलं की जी वस्तू ट्रकमध्ये घालून नेता येते तिचा भाव देशभर फार हलत नाही. हलतो तो माणसाच्या हाताचा भाव, कारण न्हाव्यालाही त्याच शहरात भाडं भरून राहायचं असतं. पोळ्यांच्या बाईच्या प्रत्येक पोळीत तिच्या खोलीच्या भाड्याचा चतकोर असतो. हा शोध मी आमच्या साहेबांना सांगितला. साहेब पुण्यातच जन्मलेले. ते म्हणाले, "छान. आता तक्ता पूर्ण करा."

तक्त्यात शेवटी एक ओळ होती, रायगड किनारा. तिथे कंपनीचा एकच माणूस होता आणि तो नुकताच सोडून गेला होता. साहेब म्हणाले, तुम्ही तिकडच्याच ना, तुम्हीच भरून टाका.

मी आईला फोन लावला. आई आमच्या गावात एकटी राहते. गाव रेवदंड्यापासून आत, खाडीच्या बाजूला. बाबा असताना दोघं मिळून दोन तुकडे भातशेती करायचे. बाबा गेल्यावर ती एकटी करायची. घरातली पहिली पदवीधर मी. अलिबागच्या कॉलेजातून पदवीचा कागद घेऊन आले तेव्हा आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवला. आमच्या घरात उंदरांपासून सुरक्षित अशी तेवढी एकच जागा. दरवर्षी नवा तांदूळ भरताना ती कागद काढायची, पिशवी पुसायची, परत वर ठेवायची.

तर फोनवर मी आईला विचारलं, आपल्याकडे सध्या नारळ कितीला आहे.

"नारळ?" आई म्हणाली. "नारळ कुठं इकत घ्येतात, बाय?"

तांदूळ? तांदूळ काय विकत घ्यायचा, पिंप भरलेलं हाय. मासळी? मासळीवाली मावशी दारात येते, वाटा टाकून जाते, तांदूळ निघाला की तिला पायली दोन पायली द्यायचा. भाडं? यावर आईने मला विचारलं, तुजी तब्येत बरी हाय ना. स्वतःच्या घराचं भाडं विचारणारी मुलगी पुण्यात नेमकं काय काम करते, अशी शंका तिला आली असावी.

मी अभिमानाने लिहिलं. तांदूळ, शून्य रुपये. नारळ, शून्य रुपये. घरभाडं, शून्य रुपये. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आमच्याकडे काहीच विकत घ्यावं लागत नाही. घरमालकाला अनामत देऊन दमलेले सहकारी माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की मला वाटलं, मी कोकणची नाही, स्वर्गाची रहिवासी आहे. साहेबांनी ती ओळ पाहिली आणि 'इतर'मध्ये टाकली. 'इतर'च्या खाली काही नव्हतं, नाहीतर तिथे टाकली असती.

दोन-अडीच वर्षं गेली. एका दिवाळीला घरी गेले तर पडवीच्या तीन पायऱ्या चढताना आई मधल्या पायरीवर बसली. बसली आणि मला म्हणाली की पायरीवर ऊन छान लागतं. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. गुडघा सुजलेला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, कधी ना कधी ऑपरेशन करावं लागेल, तोवर यांना एकटं ठेवू नका.

घरून काम करायची सोय आमच्याकडे होती. मी अर्ज केला. साहेबांनी हसतमुखाने मंजूर केला आणि सोबत नवा पगार दाखवला. त्यातून शहर-भत्ता गेला होता, आणि पुण्याच्या पगाराचा चांगला लचका तोच होता. उरलेल्या पगारात मी घरी राहू शकत होते, पण आईचा गुडघा करू शकत नव्हते. पुण्यात राहिले तर गुडघा करता येत होता, पण गुडघ्यापाशी बसायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, सर, तिकडे इतकी स्वस्ताई नाहीये.

"ती ओळ कोणी भरली आहे?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी तक्ता उघडून माझ्यासमोर फिरवला.

"नारळ शून्य रुपये," त्यांनी वाचलं. "तुम्हीच लिहिलंय. मी तेव्हाही म्हटलं होतं, भाग्यवान आहात."

मग दयाळूपणे त्यांनी मार्ग सुचवला. नवे दर द्यायचे, प्रत्येकाला बिल जोडायचं, महिन्याच्या आत. ओळ सुधारता येईल. मी त्यांचे आभार मानले. आभार मानायची मला सवय आहे. आमच्या शाळेत तो वेगळा विषय नव्हता, पण सगळ्या विषयांत होता.

अशा रीतीने मी आमचा गाव महाग आहे हे सिद्ध करायला आठवडाभराची रजा घेऊन गावी आले. आईला सांगितलं, सहज आले.

पहिल्या दिवशी अलिबागला जायला रिक्षात बसले. सहा आसनी रिक्षात आम्ही नऊजणी होतो, त्यामुळे दर माणशी काढणं अवघड गेलं. उतरताना पावती मागितली. रिक्षावाले काका बाबांच्या ओळखीचे. त्यांनी आधी पावती म्हणजे काय हे नीट समजून घेतलं, मग माझे पैसे परत केले. मास्तरणीकडून पैसे घेत नाही म्हणाले. मी मास्तरीण नाही हे मी सांगितलं, पण त्यांच्या मते शिकलेली बाई म्हणजे मास्तरीण, आणि वाद घालायला मागे गाड्या थांबलेल्या होत्या. प्रवासखर्च, शून्य रुपये.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी आमच्या किनाऱ्याचा जिल्हा बदलतो. शुक्रवारी संध्याकाळपासून मुंबईच्या गाड्या येतात आणि शहाळ्यापासून खोलीच्या भाड्यापर्यंत प्रत्येक गोष्ट 'अ' शहरात जाऊन बसते. सोमवारी सकाळी परत 'इतर'मध्ये उतरते. कोबी तर घाट उतरून येतो, त्यामुळे पुण्यापेक्षा आमच्याकडे तो बारा महिने महाग असतो, शनिवारी विशेष. मला वाटलं, हीच संधी. बिलं शनिवारचीच घ्यायची. मी ऑफिसचे बूट घातले, खांद्याला बॅग लावली आणि रेवदंड्याच्या मासळीबाजारात गेले.

मासळीवाली मावशी तिथेच बसते. दारात यायची ती हीच. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून मला ओळखते. तिच्या पुढ्यात फळीवर मांदेलीचे वाटे लावलेले होते, ओंजळीएवढे, एकसारखे. आमच्याकडे मासळी अशीच विकतात. बाई हाताने वाटा घालते, गिऱ्हाईक वाट्याचा भाव विचारतं, आणि शेवटी वर दोन टाकून घेतं. तराजूची गरज फक्त परक्या माणसाला लागते. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण तक्त्यात 'एकक' नावाचा रकाना आहे आणि त्यात किलो छापलेलं आहे. एवढी वर्षं तो रकाना भरून माझ्या तोंडाला तेच वळण लागलेलं.

मी विचारलं, "मावशी, मांदेली किलोला कशी?"

शेजारच्या दोघी बायका बोलायच्या थांबल्या. मावशीने माझ्या बुटांपासून सुरुवात करून हळूहळू वर पाहिलं.

"किलोनं बंगलेवाल्यांना देतो, बाय," ती म्हणाली. "तू कंदी बंगला बांधलास?"

शेजारची म्हणाली, बांधला असंल गो, आपल्याला वास्तुशांतीचं बोलावणं न्हाय आलं. मी घाईघाईने समजावायला लागले की ऑफिसला दर हवेत, बिल हवं. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. मावशीने मांदेलीचे दोन वाटे उचलले, पिशवीत ओतले, माझ्या हातात कोंबले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. अपमानाची परतफेड आमच्याकडे अशीच करतात, समोरच्याला फुकट देऊन. मासळी, शून्य रुपये.

मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "आयेला सांग, आज तरी खा. लय देवधर्माला लागली हाय. दारात गेलो की सोमवार, दारात गेलो की संकष्टी, दारात गेलो की कायतरी. मी जायाचं सोडलं."

मी तिथेच थांबले. माझी आई बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी नसेल तर भाताशी भांडणारी बाई. तिला गणपती सोडून दुसरा देव तोंडओळखीपलीकडे माहीत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन पावसाळं झालं." मग आवाज जरा उतरवून ती म्हणाली, "तांदूळ न्हाय दिला तरी चालंल, असं मी किती येळा बोललो. आयकत न्हाय."

घरी जाताना नाक्यावरच्या दुकानात थांबले. दुकानदार मूळचे गुजरातचे, तीन पिढ्या रेवदंड्यात. मी त्यांना नारळाच्या बिलाबद्दल विचारलं. ते आनंदाने बिल करून देणारे संपूर्ण तालुक्यातले एकमेव गृहस्थ निघाले. बिल लिहिता लिहिता म्हणाले, बेन, आईसाठीच ना? आई दर आठवड्याला एक नारळ नेते, पंधरवड्याला पाच किलो तांदूळ नेते, मुलगा पाठवून पोचवतो म्हटलं तर नको म्हणते, पिशवीत घालून वर वर्तमानपत्र ठेवते.

मी तांदळाच्याही बिलाला हो म्हटलं. एवढ्या सहज दोन बिलं मिळाली होती, पण ती घडी करून बॅगेत ठेवताना मला काही आनंद झाला नाही.

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी पिंपाचं झाकण उचललं. आत प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत माझी पदवी. पिंपात दुसरं काही नव्हतं; दुकानातला तांदूळ फळीवरच्या डब्यात होता. पदवी वर ठेवलेली नव्हती, तळाला पडली होती, कारण तिला वर धरून ठेवणारा तांदूळच नव्हता. आई शेवटी उंदरांच्या बाबतीत बरोबर ठरली होती. पिंपात खायला काही नसल्यावर उंदीर तरी कशाला येतील.

मी मासळी खाली ठेवली आणि विचारलं की शेत कधी सोडलं.

आईने आधी मासळीकडे पाहिलं. मग म्हणाली, सोडलं कुठं, जाग्यावर हाय. लावलं न्हाय एवढंच. लावणीला माणसं लागतात. पूर्वी ती चारजणींच्या शेतात वाकायची, त्या चौघी तिच्याकडे यायच्या. आता ती वाकू शकत नाही, तर त्यांना कुठल्या तोंडाने बोलवायचं. मजुरीने बाई आणायची तर मजूर बाया बंगल्यांच्या बागांत जातात, तिथे रोज जास्त आणि चिखल कमी. नारळाच्या झाडावर चढणारा एक उरलाय, तो झाडामागे जे घेतो त्यात दुकानातले तीन नारळ येतात. मग पडेल तेव्हा पडेल तो नारळ घ्यायचा, नाहीतर दुकानातून आणायचा.

हे सगळं ती भांडं घासता घासता सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"आणि मासळी?"

"तांदूळ न्हाय तर मासळी कशाला घ्येऊ?" ती म्हणाली. "फुकट खायाला मी काय पावनी हाय गावात?"

मी बॅगेतली बिलं काढली आणि तिला सगळं सांगितलं. ऑफिस, तक्ता, शून्य रुपये. मला वाटलं ती हसेल. तिने भांडं पालथं घातलं.

"म्हंजे तू लिवून देणार, आपला गाव महाग हाय."

"खरंय ते लिहून देणार."

"माजे हातपाय चालत व्हते तंवर स्वस्त व्हता," ती म्हणाली. "तसं लिव."

एवढी वर्षं मी देशभरातल्या माणसांना दर विचारत होते. रकाना कसा भरायचा हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं. ज्याला आम्ही स्वस्ताई म्हणत होतो ती आईची कंबर होती, तिचे गुडघे होते, चार शेतांतला तिचा चिखल होता. न्हाव्याच्या कात्रीत भाडं असतं हे शोधून काढणाऱ्या हुशार मुलीला आपल्या घरच्या नारळात काय असतं ते दिसलं नव्हतं.

त्या दिवशी मांदेली मी तळली. आईने खाल्ली. तिने भात तीनदा घेतला, मी फक्त पाहत राहिले.

अर्ज मी प्रामाणिकपणे भरला. नारळ आणि तांदूळ, बिलासह. मजुरी, बिलाशिवाय. नारळ उतरवणाऱ्याचा दर, बिलाशिवाय. मासळीच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: परवडत नसल्याने दोन वर्षं खरेदी नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नारळ आणि तांदूळ मान्य. मजुरी आणि नारळ उतरवणं, बिल नसल्याने अमान्य. मासळीपुढे लिहिलं होतं: या बाबीवर खर्च होत नसल्याचे अर्जदाराने स्वतः कळवले आहे, सबब बचत धरण्यात यावी. आमचा किनारा 'इतर'मध्येच राहिला. फक्त कंसात 'विशेष' असा शब्द चढला आणि त्या शब्दाबद्दल महिन्याला चार नारळ येतील एवढा भत्ता मंजूर झाला. मी साहेबांचे आभार मानले. या वेळी ते म्हणाले, "बघा, मार्ग निघतो." माणूस वाईट नाही. त्यांनी नारळ नेहमी सोललेलाच पाहिलाय.

पुण्याची खोली मी सोडली. गुडघा पुढच्या वर्षावर गेला. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गुडगा कुठं पळून चाललाय, आणि पायरीवर बसली. मी शेजारी बसले. ऊन अजूनही दुसऱ्याच बाजूला होतं.

मी घरी आल्याची बातमी गावात पसरायला एक दिवस लागला. आठवड्याभरात पडवीत कागद यायला लागले. कुणाच्या पोरीचा कॉलेजचा अर्ज, कुणाचं आधारकार्डावरचं चुकलेलं नाव, कुणाची अडकलेली पेन्शन. ऑफिसचं काम संपलं की मी तेच करत बसते. रिक्षावाले काका त्यांच्या परवान्याचे कागद घेऊन आले आणि जाताना म्हणाले, बघ, मी बोललो व्हतो ना, मास्तरीण.

मग एका शुक्रवारी सकाळी मासळीवाली मावशी आली. दोन वर्षांनी आमच्या दारात तिची टोपली उतरली. तिच्या नातीला नर्सिंगला घालायचं होतं, फॉर्म मोबाईलवर भरायचा होता आणि मोबाईल त्या घरात कुणाचं ऐकत नव्हता. मी नातीचे कागद घेऊन बसले. आई उंबऱ्यात होती.

मावशीने टोपलीवरचं फडकं काढलं आणि आईकडे न बघता विचारलं, "आज कंचा उपास हाय?"

"आज न्हाय," आई म्हणाली. "वाटा कसा दिलास?"

मावशीने भाव सांगितला. आईने ऐकून असं तोंड केलं की टोपलीतल्या बोंबलांनाही वाईट वाटावं. तिने निम्म्याला मागितला. मावशीने दर्याची, डिझेलची आणि स्वतःच्या मरणाची शपथ घेतली. आईने ताट पुढे केलं पण पैसे मुठीत धरून ठेवले. पाच-सात मिनिटं चाललं असेल. मी मान वर केली नाही, नातीच्या दहावीच्या गुणांची बेरीज दोनदा चुकवली.

शेवटी सौदा पटला, वाटा ताटात पडला, पैसे गेले. आईने ताट मागे घेतलं नाही.

"वर दोन टाक," ती म्हणाली. "पोरगी फारम भरत्ये तुजा."

मावशीने टोपलीत हात घातला, दोन बोंबील निवडले, लहान होते म्हणून परत ठेवले आणि दुसरे दोन काढले.